छायाचित्र कागदावर उतरवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मॉनिटरवर उजळ दिसणारे छायाचित्र प्रिंटमध्ये नेहमी काळपट येते. प्रिंटर बिघडला असेल का?

उत्तर: बहुधा नाही, आधी मॉनिटरचे तेज तपासावे. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद मात्र त्याच्यावर पडलेला प्रकाशच परत करतो. त्यामुळे पूर्ण तेजावरच्या मॉनिटरसमोर संपादन करताना आपण छायाचित्र नकळत गडद करत जातो. मॉनिटर कॅलिब्रेट करून (म्हणजे त्याचे रंग आणि तेज प्रमाणाशी जुळवून) त्याचे तेज प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेलाच्या दरम्यान ठेवावे आणि वापरायच्या कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याची पडद्यावरची झलक, पाहावे. सॉफ्ट प्रूफ सुरू करताच चित्र फिके पडल्यासारखे वाटते आणि अनेकजण घाईने ते बंद करतात. पण कागदाची खरी मर्यादा तिथेच दिसते, आणि तिच्याशी जुळवून घेत केलेल्या दुरुस्त्याच प्रिंटमध्ये टिकतात. रंगांचे नियंत्रण सॉफ्टवेअरकडे असेल, तर प्रिंटर ड्रायव्हरमधली (प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्राममधली) रंगदुरुस्ती बंद हवी, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते. तयार प्रिंट ५००० केल्विनच्या (दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या) दिव्याखाली तर पाहावीच, पण ती जिथे टांगायची आहे तिथल्या उजेडातही पाहावी.

प्रश्न: मॅट कागद चांगला की बरायटा?

उत्तर: हे छायाचित्रावर ठरते. बरायटा कागदावर बेरियम सल्फेटचा थर असतो आणि त्यावर काळा रंग खोल उतरतो, म्हणून रात्रीच्या किंवा तीव्र छायाप्रकाशाच्या चित्रांसाठी मी तोच निवडतो. सुती मॅट कागदावर काळा थोडा मवाळ होतो, पण धुके, त्वचा, जुन्या भिंती यांना त्याचा पोत फार शोभतो. मात्र त्यासाठी फोटो ब्लॅकऐवजी मॅट ब्लॅक शाई लागते. कोणताही कागद घेतला, तरी त्यात ऑप्टिकल ब्राइटनर किती आहेत हे अवश्य पाहावे. ही द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देतात, म्हणून कागद जास्त पांढरा दिसतो. कालांतराने त्यांचा प्रभाव ओसरला की तोच कागद पिवळसर वाटू लागतो. संग्रहासाठीच्या प्रिंटला ब्राइटनरविरहित कागद आणि पिगमेंट शाई (रंगाचे सूक्ष्म कण असलेली शाई) हीच जोडी मला योग्य वाटते.

प्रश्न: १६ × २४ इंचांच्या प्रिंटसाठी किती पिक्सेल लागतात?

उत्तर: इंचाला ३०० पिक्सेल धरल्यास ४८०० × ७२००. दुरून पाहायच्या मोठ्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेलही पुरतात.

प्रश्न: फ्रेम केल्यानंतर काही आठवड्यांत काचेच्या आतल्या बाजूस धूसर थर आला. तो कशाचा?

उत्तर: शाईतील ग्लायकोलसारखे घटक सावकाश उडून जातात आणि प्रिंट लगेच बंद केली, तर ते काचेवर साचतात. कोरडी दिसणारी प्रिंटही किमान एक दिवस मोकळी ठेवावी, मग तिच्यावर साधा कागद अंथरून तो ओलावा शोषू द्यावा आणि कागद लहरी झाला की बदलावा. आता फ्रेम उघडून काच पुसून घ्यावी आणि प्रिंट पुन्हा मोकळी ठेवावी. परत बसवताना आम्लमुक्त माउंटबोर्डची (जाड पुठ्ठ्याची) मधे कापलेली खिडकी वापरावी, म्हणजे काच प्रिंटला टेकणार नाही. प्रिंट पाठीमागून पूर्ण चिकटवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. हवेतील दमटपणानुसार कागद फुगतो आणि आकसतो, म्हणून त्याला फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने धरावे. ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते.