वडिलांची 1986 ची बुलेट ठेवावी की विकून नवी घ्यावी? जुन्या-नव्या बुलेटमध्ये खरंच काय फरक आहे?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1986 ची बुलेट 350 आठ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे, एक जण बरी किंमत देतोय, आणि घरचे म्हणतायत की ती देऊन नवी घे, दिसायला तर सारखीच आहे. आमच्या दारात दोन्ही आहेत. वडिलांची 1983 ची, आणि धाकट्या भावाने 2023 च्या दिवाळीत घेतलेली. दोन्ही मी चालवतो, आणि जुनीचं बरंचसं काम स्वतः करतो. म्हणून सविस्तर लिहितो.

दिसायला सारख्या आहेत हे खरं. टाकीवरच्या रेघा, हेडलाइटच्या दोन बाजूंचे ते छोटे दिवे, बसल्यावर गुडघ्याला लागणारी टाकी, सगळं ओळखीचं वाटतं. पण इंजिनाचा एक भाग काढून दुसरीला बसवायला जाल तर बसणार नाही. आणि त्याहून मोठा फरक असा की जुन्या गाडीत जी कामं चालवणाऱ्याने करायची होती, ती एकेक करून गाडीने स्वतःकडे घेतली. बुलेट बदलली म्हणजे मुख्यतः हेच झालं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या आर.सी. बुकवर 1986 लिहिलंय, पण गाडीची घडण 1986 ची नाही. बुलेट हे नाव 1932 चं, इंग्लंडातल्या रेडिच गावच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीचं. तुमच्याकडे आहे ती घडण साधारण 1949 ची, मागे स्विंगआर्म (चाक धरणारा, वरखाली हलणारा दांडा) आणि शॉकअब्सॉर्बर घेऊन आलेली. 1950 च्या दशकात सरहद्दीवरच्या गस्तीसाठी आपल्या लष्कराने ती पसंत केली, 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली, आणि पुढे काही वर्षांत सगळे भाग इथेच बनू लागले. इंग्लंडात ती बंद झाली. 1970 च्या सुमारास तिथली कंपनीही संपली. इथे मात्र तेच इंजिन चालू राहिलं, इतकं की 1977 पासून मद्रासच्या बुलेट परत इंग्लंडला जाऊ लागल्या. तुमच्या वडिलांनी गाडी घेतली त्याच्या आसपासच हिरो होंडा सीडी 100, यामाहा आरएक्स 100, कावासाकी बजाज केबी 100 या जपानी घडणीच्या हलक्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. म्हणजे एका गल्लीत 1949 आणि 1985 शेजारी शेजारी उभे होते. पेट्रोलचा हिशेब करणारे तिकडे गेले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या काळात तुमच्या वडिलांनी बुलेट घेतली, तर ती नक्कीच विचार करून घेतली असेल.

आता गाडी सुरू करण्याबद्दल, कारण फरक तिथेच पहिल्यांदा हाताला लागतो. नवीला चावी फिरवायची, बटण दाबायचं, झालं. किकच नाही. पेट्रोल किती सोडायचं ते इंजेक्शन ठरवतं. जुनीला आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, गारठा असेल तर चोक लावायचा. चावी फिरवून हेडलाइटच्या डोक्यावरच्या अँपिअर मीटरकडे बघायचं. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) पट्टी दाबून किक सावकाश खाली न्यायची. काटा एका बाजूला झुकतो आणि मग परत मध्यावर येतो. मध्यावर आला की समजायचं, पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) उघडलेत आणि पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे गेलाय. पट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि थ्रॉटल न पिळता अंगाचं वजन टाकून एकच किक. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बरोबर असेल तर गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला लागते. वडील साठी उलटल्यावरही चपला घालून ती सुरू करायचे.

टायमिंग बरोबर नसेल तर किक उलटी बसते. कॉलेजात असताना मी पॉइंटचा गॅप अंदाजाने लावला आणि टायमिंग पुढे सरकवून ठेवलं. पुढच्याच किकला घोटा असा सुजला की तीन आठवडे लंगडत होतो. वडिलांनी रागावण्याऐवजी मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणून दिला. 0.35 ते 0.40 मिलिमीटर, तो गॅप मी तेव्हापासून कधी नजरेने लावलेला नाही.

आवाजाबद्दल लोक फार बोलतात, आणि बरेचदा चुकीचं बोलतात. कुणी म्हणतं जुन्या सायलेन्सरची कमाल, कुणी म्हणतं ओतीव लोखंडाची. त्यांचा थोडा वाटा आहे, पण मुख्य कारण साधं आहे. फोर स्ट्रोक, एक सिलिंडर, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका. जुन्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिलिमीटर, कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहास एक, आणि फ्लायव्हील (फिरण्याचा जोर टिकवणारं चाक) जड. त्यामुळे ते अगदी हळू फिरूनही बंद पडत नाही. मिनिटाला 600 फेऱ्यांवर ठेवलं तर सेकंदाला पाच ठोके होतात, आणि पाच ठोके आपल्या कानाला सुटे सुटे ऐकू येतात. नवी उभ्या जागी हजाराच्या आसपास फिरते, म्हणजे सेकंदाला आठ ठोके, आणि आठ ठोके तितके सुटे सुटे वाटत नाहीत. शिवाय नवीत बॅलन्सर शाफ्ट आहे, हादरा तिथेच मरतो. पण आवाजाच्या हौसेपायी जुनीचा स्लो (उभ्या जागीच्या फेऱ्या) फार खाली आणू नका. तिचा ऑइल पंप मुळातच सावकाश फिरतो. स्लो आणखी खाली आणला तर वर रॉकरपर्यंत (झडपा उघडणाऱ्या भागापर्यंत) तेल पुरेसं चढत नाही, आणि ऐकायला गोड वाटणारा तो ठोका इंजिनाला खात राहतो. फटाका सायलेन्सरचं तर नावही काढू नका.

गिअर आणि ब्रेक ही मात्र जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे. तुमच्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. नवीत सगळं उलट. दोन वर्षांपूर्वी भाऊ हौसेने जुनी घेऊन कुंभार्ली घाट उतरत होता, मी मागे दुसऱ्या गाडीवर. एका वळणावर समोर एसटी आली. त्याने सवयीने डावा हात क्लचवर आवळला आणि उजवा पाय दाबला. ब्रेकच्या ऐवजी वरचा गिअर पडला. क्लच सोडला तशी उतारावर गाडी आणखीच मोकळी सुटली. पुढच्या ब्रेकने त्याने ती कशीबशी आवरली, पण पावसाने ड्रम भिजलेला होता, पहिले काही फूट त्याने धरलंच नाही. नव्या बुलेटला पुढे डिस्क आहे, एबीएस आहे. तीच वेळ नवीवर आली असती तर मला आठवणीतही राहिली नसती. म्हणून घरात दोन्ही असतील तर जुनीवर बसल्यावर पहिला अर्धा किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर काढा, पायांना आठवण करून द्या. आणि टाचेजवळची ती छोटी पट्टी विसरू नका. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून एका दाबात न्यूट्रल. सिग्नलला थांबताना मला नवीवर तिची हटकून आठवण येते.

तेलाच्या डागाबद्दल तुम्ही विचारलंय. जुन्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि त्या दोघांना जोडणाऱ्या प्रायमरी चेनचं घर वेगवेगळं, प्रत्येकाचं तेल वेगळं, म्हणजे सांधेही तितकेच जास्त. थोडा ओलावा दिसणारच. रात्रीत तळहाताएवढा डाग पडत असेल तर मात्र पॅकिंग बघायला हवं. 2000 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेलं इंजिन आलं, मग पाच गिअर आणि डाव्या पायाचा गिअर आला. खरा मोठा बदल 2008-09 चा: यूसीई, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात. गळती तिथे थांबली. झडपांची फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, सेटिंगची कटकटही गेली. ओतीव लोखंडी सिलिंडर त्यानंतर लवकरच बंद झाला. भावाकडची आहे ती त्याच्याही पुढची, 349 सीसीचं इंजिन, 20 हॉर्सपॉवरच्या थोडं वर. जुनीची 18. एवढ्या वर्षांत ताकद दोनच घोड्यांनी वाढली आणि वजन मात्र 170 किलोच्या आसपासचं 195 वर गेलं! तरी दिवसभर ऐंशीने चालवायची तर नवीच. जुनी साठ-पासष्टला खूश असते. तिला त्याच्यावर रोज पळवणं मला पटत नाही.

तर तुमचा प्रश्न. रोज कामावर जायला, बायकोमुलांना घेऊन हायवेला जायला गाडी हवी असेल, तर जुनी त्यासाठी नाही. त्यासाठी नवी घ्या, किंवा दुसरी कुठलीही घ्या. पण ती घ्यायला जुनी विकावी लागणार नसेल, तर विकू नका. मनापासून सांगतो. आज मिळणाऱ्या पैशांत तशी गाडी पुढे परत मिळणार नाही, आणि मिळाली तरी ती वडिलांची नसेल. कायद्याचीही एक गोष्ट आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यानंतर ती रोजच्या वापरात आणता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. तुमची 2036 मध्ये तिथे पोचते. म्हणून हँडल, टाकी, मडगार्ड, हेडलाइटचं घर यातलं काहीही कापू किंवा बदलू नका. गंजलेलं क्रोमसुद्धा टाकून देऊ नका, जपून ठेवा. तोवर नेहमीचं 15 वर्षांनंतरचं पाच-पाच वर्षांचं नोंदणीचं नूतनीकरण आहेच. ते थकलं असेल तर आरटीओची फेरी आधी करा.

ताडपत्री काढलीत की लगेच किक मारू नका. आठ वर्षांत तेलाच्या टाकीतलं इंजिन ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या घरात) उतरलेलं असणार. दोन्हीकडचं काढून टाका. प्लग खोलून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी डिकॉम्प्रेशन दाबून हाताने किक हळू फिरवून बघा. अडली तर जोर करू नका. पेट्रोलची टाकी आतून गंजली असेल, ती धुऊन घ्या. रबरी नळ्या आणि वॉशर सगळे नवे घाला, कारण आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. टॅपेट गाडी थंड असतानाच बघा: पुशरॉड (झडपेकडे जोर नेणारा दांडा) दोन बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मिस्त्री निवडताना त्याला उजव्या गिअरच्या गाडीबद्दल दोन प्रश्न विचारा, तो खूश होऊन बोलायला लागला तर गाडी त्याच्याकडे द्या. आमच्याकडे एका गॅरेजवाल्याने मूळ कार्ब्युरेटर काढून दुसराच बसवून दिला होता आणि ते कळायला मला सहा महिने लागले, म्हणून द्यायच्या आधी प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा.

आणि आजच एक काम करा. क्रँककेसवरचा इंजिन नंबर आणि हँडलखालच्या पाइपवरचा चासी नंबर ओल्या फडक्याने पुसून वाचा, आर.सी. बुकाशी जुळतात का बघा. जुळले तर त्या किंमत देणाऱ्याला महिनाभर थांबायला सांगा, आणि गाडी सुरू झाली की इथेच कळवा.