कन्नड येत नाही, नुसती बोलते

लातुरात माझ्याकडे नोकरीच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या पदवीधर मुलांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "मॅडम, इंग्लिश कच्चं आहे, नोकरी कोण देणार?" या भीतीपायी कितीतरी लेकरं अर्जच भरत नाहीत, म्हणून रेणुकाची (नाव बदललंय) गोष्ट सांगते.

रेणुका देवणी तालुक्यातली, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची. बी.कॉम. झालेली. एका मुलाखतीत इंग्रजीतून प्रश्न आला, तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानंतर आठ महिने तिनं कुठल्याच अर्जाला हात लावला नव्हता. भाषा किती येतात, असं मी विचारलं. "मराठी. हिंदी थोडी." अर्जातही तेवढंच लिहिलेलं.

तिसऱ्या भेटीत तिचा फोन वाजला. पलीकडच्या, कर्नाटकातल्या भालकीहून मावशीचा, आजी तिच्याकडे राहायला गेली होती. रेणुकानं पर्समधून डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी उलगडली आणि इंग्रजी वाचत कन्नडमधून सांगू लागली. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली अर्धी, कुठली रात्री. मावशीनं तिकडं मेडिकलवाल्याच्या हाती फोन दिला, तशी ही दखनीवर, इकडच्या बोलीतल्या उर्दूवर आली: "वो नक्को भाई, पांचसौ वालीच दो." मग फोन ठेवून मला म्हणाली, "सॉरी, मॅडम."

"कन्नड येते की तुला!"

"येत नाही, मॅडम. नुसती बोलते. आमच्या घरात सगळेच बोलतात."

मी वही मिटली. इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी मला 'येतं' या शब्दाचा खरा अर्थ कळला. आमच्या मुलांच्या लेखी 'येतं' म्हणजे पेपर देऊन, मार्क पडून आलेलं. आजीच्या मांडीवर जे आलं, ते मोजायचंच नाही.

"आत्ता जे काम केलंस, ते मला जमलं नसतं," मी म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे. मग हळूच म्हणाली, "उदगीरच्या दवाखान्यात बिदरकडची माणसं येतात ना, त्यांना मीच सांगत असते. कुठली खोली, पैसे कुठं भरायचे."

"कधीपासून?"

"आजीला तिथं न्यायला लागल्यापासून. चार वर्षं झाली."

भीतीशी वाद घालू नये, माणसाला जे येतं तिथून सुरुवात करावी, असं मी मानते. पुढच्या भेटींत आम्ही तेच केलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्यांची हद्द बदलली, सोयरीक तशीच राहिली. दवाखाना, मोंढ्यातली आडत, विम्याचं ऑफिस, सगळीकडे दोन्हीकडची माणसं येतात आणि त्यांना आपल्या भाषेत उत्तर देणारं कुणीतरी हवं असतं. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली, हे आपण पाहिलंच.

पण नुसतं बोलणं पुरत नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत ज्या राज्यासाठी अर्ज कराल, तिथली भाषा बोलण्याबरोबर वाचता-लिहिताही यावी लागते. म्हणून लिपी शिकायचीच. म्हैसूरचं भारतीय भाषा संस्थान 1969 पासून भाषांचंच काम करतंय, त्यांचं शिक्षणसाहित्य पाहावं. अर्जात नुसतं 'कन्नड' लिहून थांबू नये. बोलता येतं की वाचताही येतं, आणि त्या भाषेत कुठलं काम केलंय, ते लिहावं. खोटं मात्र लिहू नये, समोरचा एका वाक्यात ओळखतो. आणि इंग्रजी सोडायची नाही. रोज अर्धा तास, मोठ्यानं वाचून. चिठ्ठी वाचणारी मुलगी इंग्रजीत अगदीच कोरी नसते, एवढं तिला पटलं होतं.

आता ती उदगीरच्या एका दवाखान्यात चौकशीच्या टेबलावर बसते. बँकेचा अभ्यास चालू आहे. मागच्या महिन्यात बसस्टँडवरून तिचा फोन आला. इतकी वर्षं कर्नाटकाची बस ती कंडक्टरला विचारूनच चढायची.

"बोर्ड वाचला, मॅडम. भालकी लिहिलंय."

"मग बसलीस का?"

"नाही, गेली ती. मी वाचतच उभी राहिले."