गिटारवर एखादा संपूर्ण अल्बम वाजवायला कसे शिकावे?

आपण विचारले आहे की, दीड वर्ष घरीच व्हिडिओ पाहून गिटार शिकल्यावर वीस-पंचवीस गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे हाताला बसले आहेत, पण एकही गाणे शेवटपर्यंत येत नाही. अशा स्थितीत एक अख्खा अल्बम शिकायला घेणे हा वेडेपणा ठरेल का, आणि घ्यायचाच तर सुरुवात कुठून करावी. मी परभणीत राहतो, पोटापाण्याचा व्यवसाय वेगळाच आहे, आणि गेल्या बारा वर्षांत तीनच अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्याइतके शिकलो आहे. पुढचे उत्तर तेवढ्याच अनुभवावर उभे आहे.

वेडेपणा मुळीच नाही. तुकडे जमवण्याची सवय मोडायला याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही. मात्र दहा गाण्यांचा अल्बम म्हणजे दहा सुटी गाणी, असे समजून सुरुवात केली तर तिसऱ्या-चौथ्या गाण्यापाशी आपण थांबाल, कारण आवडती गाणी तोवर संपलेली असतात. माझे वडील गावाकडच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. तिथे मंगलाचरण, रूपाचे अभंग, पुढे गौळण आणि अखेरीस भैरवी असा क्रम ठरलेला असे, आणि आपल्या आवडीचा एक अभंग म्हणून मध्येच उठून जाणाऱ्याला कोणी भजनी म्हणत नसे. अल्बमचेही तसेच आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असल्यामुळे बहुतेक गाजलेले अल्बम पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे आहेत, आणि कोणत्या गाण्याने बाजू सुरू करायची व कोणत्या गाण्याने संपवायची याचा विचार करूनच ते रचलेले असतात. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर १९६७ सालचा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकावा. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांतून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस त्यात उभा केला आहे, आणि राग त्या दिवसाच्या प्रहरांप्रमाणे अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत येत जातात. त्यांची अदलाबदल केली तर दिवसच विस्कटेल. (काब्रा यांची गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवण्याची आहे, तेव्हा तो अल्बम ऐकण्यासाठी घ्यावा, शिकण्यासाठी नव्हे.)

खरी मेख अल्बमच्या निवडीत आहे आणि मी तिथेच सर्वाधिक वेळ वाया घालवला. सर्वप्रथम मी इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेक यांचा 'पिंक मून' (१९७२) घेतला. त्यात अकरा गाणी आहेत, सगळे मिळून अठ्ठावीस मिनिटांच्या आसपास, आणि शीर्षकगीतातला थोडासा पियानो सोडला तर एक आवाज आणि एक गिटार, बस्स. एवढा छोटा आणि साधा दिसणारा अल्बम दोन महिन्यांत होईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्यातील बऱ्याच गाण्यांसाठी तारा नेहमीपेक्षा निराळ्या स्वरांत लावाव्या लागतात, म्हणजे एक गाणे संपले की पुढच्यासाठी पुन्हा तीन-चार खुंट्या पिळणे आले, आणि एका लावणीत बोटांनी शिकलेले आकार दुसऱ्या लावणीत निरुपयोगी ठरतात. चार महिन्यांनी मी तो सोडून दिला. आजही माझ्या तीन अल्बमांत त्याची गणना होत नाही.

त्यानंतर निर्वाणा या अमेरिकी रॉक गटाचा १९९३ साली न्यू यॉर्कमध्ये एकाच बैठकीत मुद्रित झालेला आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेला 'अनप्लग्ड' घेतला. कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वरसमूह) सोपे, लय मध्यम, पण मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवले की सगळे बेसूर. गिटारमध्येच दोष आहे असे धरून मी ती दुकानात दाखवून आणली, दुरुस्तीचे पैसेही दिले. शेवटी वडिलांनी पेटीवर स्वर शोधून दिला आणि म्हणाले, "तुझी जाड तार पांढरी तीनला हाय, त्यांची काळी दोनला वाजायली." त्यांची संपूर्ण गिटार अर्धा स्वर खाली लावलेली होती. हे वादक असे करतात याचे एक कारण गायकाच्या आवाजाची सोय, दुसरे म्हणजे तारांवरचा ताण थोडा उतरतो. तेव्हा कोणताही अल्बम घेण्याआधी प्रत्येक गाण्याची पट्टी (आधारस्वर) आणि तारांची लावणी तपासून वहीत लिहावी, आणि ज्यात लावणी एकदाही बदलावी लागत नाही असाच अल्बम पहिल्यांदा निवडावा.

मराठी चित्रपटांच्या अल्बमांविषयी आपण विचारलेले नाही, पण मोह होईल म्हणून सांगतो. 'सैराट'मध्ये (२०१६) चारच गाणी आहेत, त्यामुळे ते सोपे वाटते. परंतु अजय-अतुल यांनी त्यासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला होता, आणि तो सगळा पसारा सहा तारांवर आणणे हे शिकण्याचे नव्हे तर नव्याने संयोजन करण्याचे काम आहे. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या अल्बमसाठी राखून ठेवावे.

आपल्याजवळ इलेक्ट्रिक गिटार असेल तर एसी/डीसी या रॉक गटाचा 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) मी सुचवेन. दहा गाणी, सुमारे बेचाळीस मिनिटे, तारांची लावणी नेहमीची. गटातील गिटारवादक अँगस यंग यांच्या एकल वादनाकडे सध्या पाहूच नये. त्यांचे बंधू माल्कम यंग यांनी तिथे जी तालाची बाजू धरली आहे तीच दहाही गाण्यांत सलग शिकावी. ती ऐकायला साधी आहे, पण दोन ठोक्यांमधली जी शांतता ते राखत ती राखणे अवघड आहे, आणि तबल्याच्या विद्यार्थ्याला ठेका का घोटायला लावतात हे तिथे कळते. (अल्बमची सुरुवात मोठ्या घंटेच्या टोलांनी होते. आमच्या घरी पहिल्यांदा लावला तेव्हा आईने स्वयंपाकघरातून, आज कशाची आरती आहे, असे विचारले होते.)

शिकताना मी शेवटच्या गाण्यापासून मागे येतो. पहिल्यापासून सुरुवात केली तर प्रत्येक बैठकीत पहिली गाणी सर्वाधिक घोटली जातात आणि नववे-दहावे कायम कच्चे राहते, शिवाय तिथे पोहोचेपर्यंत डावा हात थकलेला असतो. शेवटून आलो की वाजवताना आपण कच्च्याकडून पक्क्याकडे जात राहतो. प्रत्येक गाणे आधी गिटार खाली ठेवून ऐकावे आणि मुखडा किती मात्रांचा, अंतरे किती, मधला वेगळा भाग कुठे येतो, हे वहीत मांडावे. आपली गाणी अर्ध्यावर तुटतात ती बहुधा बोटांमुळे नव्हे, पुढे काय येते हे ठाऊक नसल्यामुळे. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत दाखवणाऱ्या लिपीत) चुका पुष्कळ असतात, म्हणून टॅब समोर ठेवला तरी निवाडा कानाने करावा, आणि अवघड जागा पाऊण वेगाने लावून ऐकावी. दोन गाण्यांमधला सांधा स्वतंत्रपणे घोटावा: एकाची शेवटची आठ आवर्तने, मधली दोन-तीन सेकंदांची शांतता, आणि लगेच दुसऱ्याची पहिली आठ.

रोज पाऊण तास दिलात तर पहिल्या अल्बमला आठ-नऊ महिने धरावेत. मला अकरा लागले. त्यात एक उन्हाळा येणारच. आपल्याकडची एप्रिल-मेची कोरडी हवा लाकडातला ओलावा शोषून घेते, मग फ्रेटची (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या तारांची) टोके बोटांना टोचू लागतात आणि गिटारच्या तारा फ्रेटना घासून खरखरतात. अकूस्टिक गिटार असेल तर ती कूलरसमोर किंवा पत्र्याखाली उघडी न ठेवता गिटारच्या पेटीत, ओलसर स्पंज असलेल्या छोट्या डबीसोबत ठेवावी.

दहाही गाणी हाताला आली की फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून एकदाही न थांबता सगळे वाजवावे. चूक झाली तरी मागे जायचे नाही, भजनात जात नाहीत तसेच. मी असे पहिल्यांदा गच्चीवर रात्री वाजवले तेव्हा वडील बाजेवर पडून ऐकत होते. इंग्रजीचा एक शब्द त्यांना कळत नाही. संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "शेवटाच्या आधीच्या दोनीला लई घाई करायलास." ध्वनिमुद्रण मेट्रोनोमबरोबर (ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर) लावून पाहिले, तर आठवे आणि नववे गाणे खरोखरच मूळ लयीच्या पुढे पळाले होते. ती दोन मला कधीच फारशी आवडली नव्हती.