जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) आठ माणसं आहेत, पण टीम नाही. काय करावं?

तुम्ही विचारलंय, माणसं सगळी कामाची आहेत, पण काही चुकलं की एकमेकांवर ढकलतात. मी वणीकडे एका जिनिंगवर सात हंगाम सुपरवायझर होतो, त्यावरून सांगतो.

आधी वजनकाट्यावरच्या माणसाला एक दिवस ग्रेडरसोबत, म्हणजे कापसाची प्रत तपासणाऱ्यासोबत, उभं करा. आमचा काटावाला रोज वैतागायचा, "ग्रेडर गाड्या अडकवून ठेवते." मग एकदा त्याने स्वतः गाडीत कोपरापर्यंत हात घातला. वरचा कापूस कोरडा, खालचा ओला, मीटरवर ओलावा १४ टक्के! दुसऱ्या दिवसापासून तोच शेतकऱ्याला म्हणू लागला, "भाऊ, ताडपत्री सोडा, जरा ऊन लागू द्या."

सकाळी मशीन सुरू करण्याआधी दहा मिनिटं उभ्याउभ्या बोला. काल कुठं अडलं, एवढंच. सुरुवात हमालापासून करा. मालक आधी बोलला की बाकीचे नुसती मान डोलावतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. तिथली ग्रामसभा बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेते. वेळ लागतो, पण ठरलेलं आपलं वाटतं. २००९ साली या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ऐन हंगामात प्रत्येक गोष्टीला एवढं थांबता येणार नाही, पण पाळ्या अन् सुट्ट्या तरी अशा ठरवा.

बोनस पूर्ण पाळीला द्या. आमच्याकडे कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एकट्या प्रेसवाल्याला दिला, अन् पुढे महिनाभर गाठी उचलायला हमाल वेळेवर येईनात.