नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य दसऱ्याला का उपटतात?

तुम्ही विचारलंय की घटाभोवती धान्य पेरायचं, नऊ दिवस जपायचं आणि दहाव्या दिवशी उपटून टाकायचं, यामागे खरंच काही आध्यात्मिक अर्थ आहे, की ही शेतकऱ्याची बियाणं तपासण्याची जुनी रीत होती आणि तिला नंतर देवीचं नाव मिळालं? आमच्याकडे कुळाचार म्हणून घट बसतात आणि घरातली तरुण मुलंही मला हेच विचारतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

बियाण्याची बाजू खोटी नाही. आश्विनात खरीप घरात यायला लागतं आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. अशा वेळी कोणतं धान्य कसं उगवतंय यावर शेतकऱ्याची नजर जाणारच. घटाची मांडणीही तशीच आहे. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती, त्यात गहू किंवा सात-नऊ प्रकारची धान्यं, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. मातीचा घट पाझरतो आणि ती ओल मुळांना मिळत राहते. पण नुसती उगवणच बघायची असती, तर ओल्या फडक्यात दाणे बांधून तीन-चार दिवसांत काम झालं असतं. मग अखंड दिवा, रोजची माळ आणि उपास यांची गरज काय होती?

याचं उत्तर मला देवीमाहात्म्यात सापडतं. नवरात्रात ज्याचा पाठ होतो ते हेच, मार्कंडेय पुराणातले 13 अध्याय. अकराव्या अध्यायात देवी देवांना वचन देते की दीर्घकाळ पाऊस पडणार नाही तेव्हा मी माझ्याच देहातून उगवलेल्या शाकभाज्यांनी, पुन्हा पाऊस पडेपर्यंत, सगळ्या जगाचं पोषण करीन आणि लोक मला शाकंभरी म्हणतील. हे वाचून घटाकडे बघा. माती, पाणी, अंकुर हे देवीच्या पूजेचं साहित्य उरत नाही, ती तिची मूर्तीच होते. आपण बी पेरतो खरं, पण मातीखाली काय चाललंय त्यावर आपली काही सत्ता नसते. उकरून बघायचं नाही, हलवायचं नाही, फक्त ओल आणि दिवा राखायचा. माझ्या मते घटाची सगळी साधना या राखण्यात आहे.

म्हणूनच घट बसले की देव्हाऱ्यातले देवही हलवत नाहीत. बऱ्याच घरांत त्यांना विड्याच्या पानांवर बसवतात आणि नऊ दिवस रोजचं स्नान नसतं. एरवी आपण देवाचं सतत काहीतरी करत असतो. या दिवसांत करण्याला मर्यादा पडते आणि जवळ बसणं वाढतं. तुळजापूरला तर नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून भवानीची मूर्ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. तिला घोर निद्रा म्हणतात. दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत पुन्हा श्रमनिद्रा असते. लढणारी देवी दमते आणि विश्रांती घेते, ही कल्पना मला फार आपलीशी वाटते. देवीमाहात्म्यात निद्राही तीच आहे, क्षुधाही तीच आहे, इतकंच काय, भ्रांतीही तीच आहे. माणसाच्या आत जे जे चालतं त्यातलं काहीच तिच्याबाहेर ठेवलेलं नाही.

दिव्याबद्दल लोक फार घाबरतात. वाऱ्याने ज्योत गेली तर काही अशुभ घडेल, असं मनात घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कृपा करून तसं करू नका. काजळी काढताना शेजारी दुसरी ज्योत लावून ठेवावी, तरीही विझला तर नमस्कार करून पुन्हा लावावा. अखंडपणा तेलावातीपेक्षा आपल्या अवधानात असायला हवा, आणि भीती शिरली की तेच आधी तुटतं.

आध्यात्मिक अर्थ आपण आज मागाहून चिकटवतोय का, ही शंकाही तुमच्या प्रश्नात आहे. तर एकनाथ महाराजांचा जोगवा आठवा. सोळाव्या शतकात त्यांनी तो अर्थ अगदी उघड सांगून ठेवलाय. त्यात महिषासुर म्हणजे मोह. ‘नवविधा भक्तीच्या करिन नवरात्रा’ असं म्हणत ते नऊ रात्रींचा संबंध श्रवण-कीर्तनापासून आत्मनिवेदनापर्यंतच्या नऊ भक्तींशी जोडतात. हातातली परडी पूर्ण बोधाची होते आणि माळ घालायची ती द्वैत बाजूला सारून. दारोदार जोगवा मागणाऱ्या बाईची भाषा तशीच ठेवून त्यांनी वेदान्त सांगितला. मागणारी बाई खरोखर पीठमीठच मागत होती, आणि त्याच तोंडाने ज्ञानही मागत होती.

रोजच्या ठरलेल्या रंगाच्या साड्यांचं तुम्ही विचारलं नाहीये, पण कोणीतरी विचारेलच. ती प्रथा अलीकडची आहे, घटाच्या विधीशी तिचा संबंध नाही. आनंदाने नेसावं, नाही नेसलं तर काही बिघडत नाही.

आता उपटण्याकडे येते. देवीमाहात्म्याची कथा ज्या दोघांना सांगितली जाते त्यांतला एक राज्य गमावलेला राजा सुरथ आणि दुसरा बायकामुलांनी धनासाठी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य. दोघे नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तिची उपासना करतात. देवी प्रसन्न झाल्यावर राजा राज्य मागतो आणि वैश्य ‘मी’ आणि ‘माझं’ हा संग तोडणारं ज्ञान मागतो. ती दोघांनाही मागितलेलं देते, राजाला कमी लेखत नाही. शेतीचं कारण खरं की अध्यात्माचं, हा तुमचा प्रश्न या गोष्टीपुढे मला तितका अडचणीचा वाटत नाही. घटाशी शेतकरी सुरथासारखा चांगलं पीक मागू शकतो, आणि त्याच घरातली म्हातारी समाधीसारखं काही वेगळंच.

दसऱ्याला या दोन्ही मागण्या एकत्र दिसतात. नऊ दिवस नजरेसमोर वाढलेले ते पिवळसर, लवलवते अंकुर कोणालाही ठेवून घ्यावेसे वाटतील. पण घट हलवले की ते आधी देवाला वाहतात, मग पुरुष टोपीत, फेट्यात खोवतात, बायका केसांत माळतात, आपट्याच्या पानांबरोबर ते थोरामोठ्यांच्या हातातही देतात. काही भागांत त्याला घटातलं धनच म्हणतात. म्हणजे ‘उपटून टाकणं’ हे तुम्ही म्हणता तसं नाही; टाकत कोणीच नाही, ते वाटतात. उरलेली माती आणि मुळं शेतात किंवा तुळशीत जातात. तुमच्याकडे शेत नसेल तर कुंडीत घाला, फक्त पिशवीत बांधून नदीत सोडू नका.