हळद सौद्याची यादी दराने लावली, तरी दुसऱ्या पानावर तेच लॉट पुन्हा का दिसतात? (सांगली)
एसक्यूएल क्वेरीत दरापुढे प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) जोडा: ऑर्डर बाय दर डीईएससी (उतरता क्रम), लॉट_आयडी. एकाच दराचे दहा लॉट असले, की त्यांच्यातला क्रम दर वेळी तोच राहील अशी हमी एसक्यूएल देत नाही. प्रत्येक पान ही वेगळी क्वेरी असते. डेटाबेसने क्वेरी चालवायचा प्लॅन बदलला की ओळी हलतात. मग लिमिट-ऑफसेटच्या (किती ओळी घ्यायच्या, आधीच्या किती सोडायच्या) पानांत एक लॉट दोनदा येतो आणि दुसरा कुठेच दिसत नाही. हे जास्त वाईट, कारण शेतकऱ्याला त्याचा माल यादीत सापडतच नाही. लॉट क्रमांक रोज 1 पासून सुरू होत असेल तर तो इथे लॉट_आयडीच्या जागी चालणार नाही, कारण तो एकमेव राहत नाही. सौदा न झालेल्यांचा दर नल (रिकामा) असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ते उतरत्या क्रमात सगळ्यात वर येतात; डीईएससीनंतर, स्वल्पविरामाच्या आधी, नल्स लास्ट लिहा. मायएसक्यूएलमध्ये ते आपोआप तळाला जातात.