दहावीनंतरच्या सुट्टीत नाकाचं ऑपरेशन करावं का?

या सदरात उत्तरं देणाऱ्या डॉक्टर ठाण्यात नौपाड्याला अनेक वर्षं प्लास्टिक सर्जरीची प्रॅक्टिस करतात.

प्रश्न : माझी मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे, दहावीत. आम्ही ऐरोलीला राहतो. तिचं नाक तिच्या आत्यासारखं, मध्ये उंचवटा असलेलं. आधी तिला त्याचं काही नव्हतं. दिवाळीनंतर वर्गातल्या कुणीतरी तिचा बाजूने काढलेला फोटो ग्रुपवर टाकला आणि शेजारी पोपट. तेव्हापासून ती क्लासला मास्क लावून जाते. आता म्हणते, बोर्डाची परीक्षा झाली की मे महिन्यात ऑपरेशन करून द्या, मी अकरावीला नव्या चेहऱ्याने जाईन. यूट्यूबवर तिने सगळं पाहिलंय. ‘फक्त उंचवटा काढायचा, टोकाला हात लावायचा नाही’ असं ठामपणे सांगते. तिचे बाबा म्हणतात, ही पाश्चात्त्य थेरं आहेत, फार तर लग्नाच्या वेळी बघू. शेजारच्या एक जण म्हणाल्या, ‘हाड वाढलंय’ असं सांगून मेडिक्लेममध्ये करून घ्या. ती खरंच तयार आहे की नाही, हे ओळखायचं कसं?
— एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. या मे महिन्यात ऑपरेशन नको. सर्जनला दाखवायला मात्र याच मे महिन्यात न्या.

नाकाची तयारी हा सोपा भाग आहे. मुलींच्या नाकाची वाढ साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पूर्ण होत येते, मुलग्यांची त्याहून वर्ष-दोन वर्षं उशिरा. आम्ही नुसती जन्मतारीख बघत नाही. पाळी कधी सुरू झाली, वर्षभरात उंची वाढली का, चपलेचा नंबर बदलला का, हे विचारतो. वाढ चालू असताना नाकाच्या मधल्या पडद्याच्या कूर्चेत (हाडापेक्षा मऊ, लवचीक भागात) ढवळाढवळ केली तर पुढच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आणि आज सरळ केलेलं नाक उद्या वाढताना भलतीकडे जाऊ शकतं. तुमच्या मुलीची उंची वर्षभर जिथल्या तिथे असेल तर तिचं नाक बहुधा तयार असेलही. मला काळजी आहे ती तिच्या मास्कची.

माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचे ढोबळ दोन गट पडतात. काहींना कित्येक वर्षं एकच गोष्ट खटकत असते. ती बोट ठेवून दाखवतात आणि बाकी आयुष्य मजेत जगत असतात: गॅदरिंगमध्ये नाचतात, तलावपाळीला भटकतात, फोटो काढतात, फक्त बाजूने काढू देत नाहीत. दुसऱ्या गटाचं सगळं आयुष्यच नाकापाशी येऊन थांबलेलं असतं. नाक सुधारलं की मैत्रिणी मिळतील, मार्क वाढतील, घरातलं भांडण मिटेल. पहिल्या गटातल्या मुली ऑपरेशननंतर सहसा समाधानी असतात. दुसऱ्या गटातल्या मुलींना मी नाक कितीही सुबक करून दिलं तरी महिन्याभराने त्या हनुवटी दाखवायला येतील.

तुमची लेक मला दोन्हीकडे थोडी थोडी दिसते. ‘फक्त उंचवटा, टोक नाही’ हे फार चांगलं लक्षण आहे. काय हवंय आणि काय नकोय, दोन्ही तिला सांगता येतंय. ‘अमक्या नटीसारखं करून द्या’ म्हणणाऱ्यांपेक्षा ती कितीतरी पुढे आहे. पण ही इच्छा जन्माला आली ती एका पोपटाच्या चित्रातून, आणि तिला वर्षही झालेलं नाही. चिडवणाऱ्यांचा बंदोबस्त वर्गशिक्षकांनी आणि त्या मुलांच्या आईबापांनी करायचा असतो, तो माझ्या हत्याराने होत नाही. तुम्ही शाळेत गेलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसाल गेलात तर परीक्षेआधी जा.

मास्कबद्दल तिला सरळ विचारा. घरीही लावते का? आरशासमोर रोज किती वेळ जातो? लग्नकार्य, सहल, वाढदिवस टाळते का? तास-तासभर आरसा आणि घराबाहेर पडणं बंद, असं असेल तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ. शरीरातल्या बारीकशा किंवा इतरांना दिसतही नसलेल्या दोषाने मन पूर्ण व्यापून टाकणारा एक आजार आहे, तो बहुधा याच वयात सुरू होतो. त्यात ऑपरेशनने बरं वाटत नाही, उलट बिघडतं. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने मात्र फरक पडतो. (मानसोपचार म्हटलं की आम्हा ठाणेकरांना इथल्या मनोरुग्णालयावरून तो जुना ‘ठाण्याला भरती करा’ विनोद ऐकावा लागतो. ऐकून सोडून द्यायचा.) कुणाकडे जायचं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारी ‘टेलिमानस’चा फोन आहे, मोफत.

तिच्याकडून एक प्रयोगही करून घ्या. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक आहे त्याहून मोठं दिसतं. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, हा लेन्सपासूनच्या अंतराचा परिणाम आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याचं गणित मांडलं होतं: बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवर उभं करून, झूम करून फोटो काढायला लावा. उंचवटा तिथेही दिसेल, तो खराच आहे. पण ‘नाक केवढं मोठं’ ही तक्रार थोडी तरी फोनच्या माथी जाईल.

आता तिच्या बाबांकडे वळते. ‘पाश्चात्त्य थेरं’ हे काही खरं नाही. कापलेलं नाक पुन्हा घडवण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत आहे. टिपूच्या सैन्याने कैद करून नाक आणि एक हात कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं गेलं. ती हकीगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसं ऑपरेशन केलं. म्हणजे ही विद्या इथून तिकडे गेली. पण बाबांचं अगदीच चुकतंय असंही नाही. कावसजीला गेलेलं नाक परत हवं होतं. तुमच्या मुलीचं नाक जागेवर आहे, धडधाकट आहे, ते बदलायचंय. अशा कामाला घाई कसली?

‘लग्नाच्या वेळी बघू’ याला मात्र माझा कडक विरोध आहे. मुलीने स्वतःसाठी मागितलं तर नाही म्हणायचं आणि पाहुण्यांसाठी असेल तर पैसे काढायचे, हा कुठला न्याय? तारीख ठरल्यावर घाईघाईने आणलेल्या मुलींना मी परत पाठवते, कारण सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं. आणि एक नाजूक गोष्ट. ते नाक बाबांच्या घराण्याचं आहे. ‘हे नाक मला नको’ असं पोटची मुलगी म्हणते तेव्हा बापाला ते कुठे लागतं, हे मी टेबलाच्या या बाजूने बरेचदा बघते. त्यांच्याशी त्या अंगाने बोलून बघा, थेरांचा मुद्दा कदाचित मागे पडेल. (माझं स्वतःचं नाक बसकं आहे. ‘डॉक्टर, तुम्ही का नाही करून घेतलं?’ असं पेशंट विचारतात. मला कधी खटकलं नाही, एवढंच उत्तर आहे.)

ऑपरेशन म्हणजे काय, हेही तिला यूट्यूबच्या बाहेर कळू द्या. उंचवट्याचा वरचा भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा. तो तासला की वर सपाट फट राहते, ती मिटवायला बहुतेकदा दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवावी लागतात. पूर्ण भूल, नाकावर आठवडाभर पट्टी, डोळ्यांखाली दहा-पंधरा दिवस काळंनिळं. चष्मा असेल तर चार ते सहा आठवडे तो नाकावर टेकवायचा नाही. बास्केटबॉल, कबड्डी त्याहून जास्त काळ बंद. पट्टी निघते त्या दिवशी आरशात जे दिसतं ते सुजलेलं, ओळखीचं नसलेलं नाक असतं आणि मोठ्या बायकासुद्धा तिथे रडतात. टोकाची सूज सर्वांत शेवटी जाते, आपल्याकडच्या जाड त्वचेत तर आणखी सावकाश. म्हणजे अकरावीच्या पहिल्या दिवशी तिला हवा तो ‘नवा चेहरा’ मिळणारच नाही. शिवाय साधारण दहातल्या एखाद्याला पुढे पुन्हा थोडीफार दुरुस्ती लागते. हे ऐकून ती ‘बरं, मग थांबू’ म्हणाली किंवा ‘कळलं, तरी हवंय’ म्हणाली, तर दोन्हीत शहाणपण आहे. ‘माझ्या बाबतीत असं काही होणार नाही’ म्हणाली, तर ती अजून तयार नाही.

सर्जन प्लास्टिक सर्जरीत एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. केलेला असावा, किंवा नाकाची अशी कामं नेहमी करणारा कान-नाक-घसा सर्जन. त्याच्या स्वतःच्या पेशंटांचे वर्षानंतरचे फोटो मागा, पट्टी काढल्या दिवसाचे नकोत. कंप्युटरवर करून दाखवलेलं नाक म्हणजे हमी नव्हे. ती अठराच्या आतली असल्याने संमतीपत्रावर सही तुमची लागेल, पण मुलीशी ती एकटी असताना न बोलता तारीख देणारा डॉक्टर मला चालणार नाही. माझ्या खोलीत आई बाहेर गेल्यावर ‘मला नकोय, आईलाच हवंय’ असं सांगणाऱ्या मुलीही येतात.

शेजारणीचा सल्ला ऐकू नका. आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची किंवा उपचार म्हणून गरजेची असेल तरच ती धरतात. नसलेलं दुखणं लिहून पैसे घेणं ही फसवणूक आहे. खरोखरच पडदा वाकडा असेल आणि श्वासाला त्रास असेल तर तपासणीत दिसेल. तेवढ्या भागाचा दावा उघडपणे करता येतो, उंचवट्याचा खर्च तुमचा. निव्वळ सौंदर्याच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशोबात धरा.

तर असं करा. परीक्षा संपू द्या. मे महिन्यात एक भेट, पुढच्या दिवाळीत शक्यतो दुसऱ्या सर्जनकडे आणखी एक. मधल्या काळात घरात कुणी विषय काढायचा नाही, आजीनेही नाही आणि तुम्हीही नाही. नव्या कॉलेजात, नव्या मैत्रिणींत, पोपटवाल्या ग्रुपपासून दूर गेल्यावरही तिने स्वतःहून तेच, तेवढंच मागितलं, मास्क सुटलेला असला, तर अकरावीनंतरच्या मे महिन्यात करा आणि मग मागे वळून बघू नका. नातेवाईकांना काय सांगायचं ते तिला ठरवू दे.

प्रश्न : नातू बारा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी नेटमध्ये सीझन बॉल नाकावर बसला. आता नाक किंचित वाकडं आहे आणि डावीकडून श्वास कमी येतो. फॅमिली डॉक्टर म्हणतात, अठरापर्यंत थांबा. थांबावं का?
— एक आजोबा, पाचपाखाडी

उत्तर : काका, आकारासाठी थांबा, श्वासासाठी थांबू नका. वाकडेपणा पुढे वाढ पूर्ण झाल्यावर नीट करता येईल. पण नाक चोंदलेलं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला याच आठवड्यात दाखवा. पडदा फारच सरकला असेल तर या वयातही कूर्चा जपून, कमीत कमी हात लावून तो नीट करता येतो. हे अपघातानंतरचं काम असल्याने विम्याचे कागद नीट ठेवा.

इतर पालकांसाठीही सांगते. मुलाच्या नाकाला मार लागला की सूज बघून ‘उतरेल’ म्हणत बसू नका. आतल्या पडद्यावर रक्त साठून लालसर-जांभळा फुगवटा आला असेल तर ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते आणि नाक मध्येच खचतं. हाड मोडलं असेल तर लहान मुलांत ते साधारण आठवड्याच्या आत बसवतात, नंतर ते तसंच जुळून जातं.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा. खारघरला एका पार्लरमध्ये इंजेक्शनने वीस मिनिटांत नाक सरळ करून देतात, ऑपरेशन नाही, घरी कळणारही नाही. करू का?
— बारावीतला मुलगा

उत्तर : नाही. ते फिलरचं, म्हणजे कातडीखाली भर घालणाऱ्या जेलचं इंजेक्शन असतं. नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यात गेला तर नाकाची कातडी काळी पडून झडते किंवा डोळा कायमचा जातो. क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा खेळ असतो आणि ते ओळखून तिथल्या तिथे उपचार करणारं माणूस पार्लरमध्ये नसतं. शिवाय फिलरने नाकात भर पडते, उंचवटा कमी होत नाही. फक्त झाकला जातो, आणि तोही काही महिने. अठराच्या आतल्या मुलाला घरी न सांगता सुई टोचायला तयार होणारा माणूस पुढे काही बिघडलं तर फोन उचलेल असं मला वाटत नाही. बारावी होऊ दे, घरी सांग, मग आईबाबांपैकी कुणाला तरी घेऊन सर्जनकडे जा. जाण्याआधी त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये आहे का, ते बघून घे.